त्र्यंबकला रुजायचं तर टाळ हाती घ्या

त्र्यंबकेश्वरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला सुरुवातीला सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो, "कोणती पूजा आहे?" भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, चहा घेताना बाकड्यावर शेजारी बसलेले आजोबाही विचारतात. २०११च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला, नारायण-नागबळीला, कुशावर्तातल्या स्नानाला मात्र देशभरातून माणसं येत राहतात आणि श्रावणातल्या सोमवारी तर गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त दिसतात. गाव पाहुण्यांवर जगतं, त्यामुळे नवा चेहरा दिसला की तो पाहुण्याचाच असणार, असं गाव धरून चालतं. काल आला, आज पूजा, उद्या एसटीनं परत.

हा लेख परत न जाणाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होऊन आलेल्या शिक्षिका, बँकेतले आणि तहसील कचेरीतले कर्मचारी, रुग्णालयातल्या परिचारिका, अंजनेरीच्या बाजूच्या महाविद्यालयांत शिकवणारे तरुण, निवृत्तीनंतर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी घर घेतलेली जोडपी. यातल्या पुष्कळांची पहिली दोन वर्षं नाशिकला ये-जा करण्यात जातात. अठ्ठावीस-तीस किलोमीटरचा तर रस्ता. दवाखाना नाशिकला, सिनेमा नाशिकला, मित्र नाशिकला. त्र्यंबकला नुसतं झोपायला यायचं. मग एक दिवस आजारपण येतं किंवा मुलाला शाळेतून आणायला कोणी हवं असतं, आणि हाक मारावी असं गावात एकही घर नाही हे तेव्हा कळतं.

त्यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे भजनाला जाऊन बसणं. नुसतं ऐकायला नव्हे, त्यातलं काहीतरी काम अंगावर घ्यायला. भजनी मंडळ तुम्हाला पूजा विचारत नाही. ते विचारतं, "पुढच्या एकादशीला आहात ना?" पाहुण्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, रहिवाशाला देता येतं.

लहान गावात संगीतातून शिरकाव होतो हे जगभर दिसतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर डूलिन नावाचं चिमुकलं गाव आहे. मिको रसेल (१९१५–१९९४) या बासरीवादकामुळे ते लोकसंगीतासाठी प्रसिद्ध झालं. तिथल्या पबमध्ये वादक गोल करून बसतात. नवखा वादक आधी बाहेर बसून ऐकतो आणि ओळख झाल्यावरच आपलं वाद्य काढतो. आपल्याकडे गोव्यातल्या वास्को या बंदराच्या गावी दामोदराच्या देवळात दरवर्षी चोवीस तासांचा अखंड भजनी सप्ताह होतो. तोही रीतीचा आणि वाटून घेतलेल्या पाळ्यांचाच मामला असतो. त्र्यंबकला समुद्र नाही, पण नवख्यानं संगीतातून आत यायची वाट इथे अधिक मोकळी आहे असं मला वाटतं. ती मोकळी असण्याचं कारण निवृत्तिनाथ.

ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू असलेल्या निवृत्तिनाथांनी १२९७ साली इथे समाधी घेतली. ज्योतिर्लिंगाचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ साली बांधायला घेतलं. त्याच्या आधीपासून समाधीकडे वारकऱ्यांची पावलं वळत आली आहेत. ज्योतिर्लिंगाच्या देवळातल्या उपचारांत तुमची जागा दर्शन घेणाऱ्याची. दर सोमवारी दुपारी देवाची पालखी कुशावर्तावर जाते, ती जरूर पाहा. पण तुम्हाला हाताशी धरणारं, काम देणारं संगीत समाधी मंदिरात आणि गल्लोगल्लीच्या भजनांत आहे.

आधी कान लावा

सुरुवात संध्याकाळच्या हरिपाठानं करा. हरिपाठ म्हणजे ज्ञानेश्वरांच्या सत्तावीस अभंगांचा पाठ. निवृत्तिनाथांचाही हरिपाठ आहे, तो पुढे आपोआप ओळखीचा होईल. हरिपाठ सगळे मिळून म्हणतात, त्यामुळे एकट्या माणसाचा आवाज उघडा पडत नाही. खिशात मावणारी हरिपाठाची पुस्तिका देवळाच्या रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळते. पुस्तिका हातात धरायला लाजू नका. पाठ नसताना ओठ हलवत बसलेला माणूस लगेच ओळखू येतो. पुस्तक उघडून म्हणणाऱ्याकडे मात्र शेजारी स्वतःहून वाकून ओळ दाखवतात, आणि ओळख तिथेच सुरू होते.

दुसरी जागा काकड्याची. आश्विनातल्या कोजागरीपासून कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्र्यंबकची पहाट चांगलीच गार असते. त्या वेळी अंथरूण सोडून आलेल्या माणसाला कोणी पाहुणा समजत नाही. पहाटेच्या भजनाला गर्दी बेताची असते, लय संथ असते, आणि चाली पुन्हा पुन्हा त्याच कानावर पडतात. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. निम्मी मंडळी नंतर दुकानं उघडायला किंवा कामावर जाणार असतात, तेव्हा संपल्यावर चहा होईपर्यंत थांबा. त्या दहा मिनिटांत कोणाचा मुलगा कुठे आहे, कोणाकडे खोली रिकामी आहे, दूध कुणाचं चांगलं, हे सगळं कळतं.

सप्ताह कधी, कुठे, हे कळायला किराणा दुकानाच्या दारावर, सलूनच्या काचेवर आणि एसटी स्थानकाच्या भिंतीवर लावलेल्या कार्यक्रम पत्रिका वाचा. बहुतेक सप्ताहांचा दिनक्रम सारखा असतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारनंतर प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. पत्रिकेच्या तळाशी गायक, मृदंगवादक, विणेकरी आणि अन्नदात्यांची नावं छापलेली असतात. ती नीट वाचा. गावातल्या कोणत्या घराचा संगीताशी संबंध आहे, याची इतकी चांगली यादी दुसरीकडे मिळत नाही.

कुठे बसायचं याचीही रीत आहे. भजनात बुवा आणि मृदंगवादक यांच्या जवळची जागा जुन्या टाळकऱ्यांची. तुम्ही मागच्या किंवा कडेच्या रांगेत बसा आणि कोणी पुढे बोलावलं तरच पुढे या. कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे ओळीनं उभे राहतात, तिथे न सांगता जाऊन उभं राहू नये. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचे आजोबा तुमच्यापुढे वाकले तर गोंधळून मागे सरू नका, तुम्हीही वाका. "रामकृष्ण हरी" म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. हाक मारताना नाव माहीत नसेल तर 'माऊली' म्हणावं, ते पुरुषालाही चालतं, बाईलाही. भजन सांगणाऱ्याला 'बुवा', कीर्तनकाराला 'महाराज'. पुढे ओळख वाढली की काका, दादा, मावशी होतातच.

गळ्यात तुळशीची माळ असलेले लोक मद्यमांस वर्ज्य मानतात. तुम्ही माळकरी असलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, मात्र पिऊन भजनाला येणं अक्षम्य आहे. श्रद्धेचा प्रश्न अधिक नाजूक. विठ्ठलावर श्रद्धा नसलेले, नुसत्या सुरासाठी आलेलेही लोक असतात. त्यांनी तसं प्रांजळपणे सांगितलं तर बहुधा कोणाची हरकत नसते. पण हे गाणं म्हणणाऱ्यांसाठी ती उपासना आहे, करमणूक नव्हे. एवढं ध्यानात ठेवलं तर बाकीची शिस्त शिकवावी लागत नाही.

टाळ, मग मृदंग

नवख्यानं पहिल्यांदा टाळ शिकावा असा माझा आग्रह आहे. पेटी किंवा मृदंग शिकायला वर्षं लागतात आणि मंडळात त्यांची जागा एकाच माणसाची असते. टाळकरी कितीही चालतात. सुरुवातीला टाळ विकत घेऊ नका, मंडळाकडे जादा जोड्या असतात. टाळाच्या दोन वाट्या जोडणारी दोरी बोटांना गुंडाळून वाटी तळहातात अशी धरायची की आवाज दाबला जाणार नाही. पहिले काही दिवस मांडीवर हातानं ठेका धरा. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्यातली सम कुठे पडते हे मृदंगाच्या डाव्या अंगाच्या घुमाऱ्यावरून कळतं. ती सम अंगात भिनल्याशिवाय टाळ हातात घेतला तर नवखा हमखास पुढे पळतो. दहा टाळांत एक चुकलेला टाळ सगळ्यांना ऐकू येतो, आणि सांगायला कोणी धजत नाही. म्हणून शेजारच्या जुन्या टाळकऱ्याला तुम्हीच आधी म्हणा, "काका, चुकलो तर खुणेनं सांगा." असं विचारलेलं त्यांना मनापासून आवडतं. बहुतेक जण नंतर तुमच्या शेजारीच बसायला लागतात.

उभ्यानं टाळ वाजवत पावली खेळणं हा पुढचा टप्पा. एक पाय पुढे, एक मागे, सगळे एकदम वाकतात, एकदम उठतात. यात वय आड येत नाही, गुडघे मात्र येतात. गुडघे दुखत असतील तर सरळ बसून राहा, कोणी काही म्हणत नाही.

आता गळ्याचं. वारकरी गायकांचा सूर फार वरचा असतो. काळी चार, काळी पाचमध्ये गाणारे बुवा इथे सहज भेटतात. नव्या माणसानं त्या सुरात ओरडायचा प्रयत्न केला तर चार दिवसांत घसा बसतो. खालच्या सप्तकात हळू म्हणा आणि आधी फक्त धृपद धरा. बुवांनी चरण म्हटला की सगळ्यांनी मिळून धृपदावर यायचं असतं. तिथे तुमचा आवाज हवा असतो आणि तो कसाही असला तरी चालतो. एक अभंग चालीसकट पुरता पाठ झाला की पुरे. तो कधी म्हणायचा हे बुवा सांगतील. भजनाला ठरलेला क्रम असतो, मंगलाचरण, रूपाचे अभंग, पुढे गौळण वगैरे, शेवटी आरती आणि पसायदान. मध्येच कोणी आवडीच्या सिनेमातल्या भक्तिगीताची फर्माईश करू नये. गौळणीच्या जागी गौळणच येते.

ज्यांनी शास्त्रीय संगीत शिकलेलं आहे त्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. तुमच्या तयारीचा गावाला उपयोग होईल, पण उशिरा. पहिल्या काही महिन्यांत ताना घेऊ नका, पेटीवरच्या मुलाची स्वरपट्टी सुधारायला जाऊ नका, 'हा अभंग खरं तर अमुक रागात आहे' असं म्हणू नका. भजनाची चाल परंपरेनं आलेली असते आणि शंभर जणांना एकदम म्हणता येईल अशी बेतलेली असते. तिच्यात एकट्याची करामत घातली की बाकीच्यांना धृपदावर येता येत नाही. नाशिकच्या परिसराला याचं मोठं उदाहरण माहीत आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. दरबारात, मोठ्या सभांत गाजलेला हा गवई नंतर रामनामाच्या धूनमध्ये रमला. एवढ्या तयारीच्या माणसालाही चार जणांबरोबर साधं नाम म्हणण्यात कमीपणा वाटला नाही, तर तुम्हीआम्ही काही महिने मागच्या रांगेत बसायला हरकत नाही.

मृदंग शिकायचाच असेल तर चांगली गोष्ट आहे. वारकरी शिक्षणाला मोठी परंपरा आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे आणि तशाच इतर संस्थांत शिकलेले मृदंगवादक, गायक गावोगाव भेटतात. सप्ताहात वाजवणाऱ्या वादकालाच विचारा, तो शिकवतो किंवा शिकवणारा सांगतो. दक्षिणा किती, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या. संकोचापोटी न विचारणं आणि महिनाअखेरीला थोडंसं काही हातात ठेवणं, यानं शिकवणाऱ्याची अडचण होते.

त्र्यंबकच्या पावसात वाद्यं सांभाळणं हा स्वतंत्र उद्योग आहे. जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत, मग मृदंगाच्या पुड्या कशा कोरड्या राहणार? दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो, शाई भुसभुशीत होते. वाजवून झाल्यावर डाव्या पुडीवरची कणीक पूर्ण काढा, ओलसर कणीक राहिली तर बुरशी धरते आणि उंदीर येतात. मृदंग जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जाड सुती खोळ घालून लाकडी फळीवर ठेवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी खोळ काढून खोलीत हवा लागू द्या. प्रखर उन्हात मात्र ठेवू नका, पुडी तडकते. पेटी पावसाळ्यात रोज थोडी वाजवलीच पाहिजे. पडून राहिली की पट्ट्या फुगून अडकतात आणि भात्याला ओल लागते. चांगल्या दुरुस्तीसाठी नाशिक गाठावं लागतं, म्हणून मोठी कामं मे महिन्यातच उरकून घ्या.

विणा गळ्यात

एका गोष्टीवर मी इथे थोडं थांबणार आहे. नवख्याला गावाचा करण्यात तिच्याइतकी दुसऱ्या कशाचीच मदत होत नाही. ती म्हणजे सप्ताहातला विणेचा पहारा.

अखंड हरिनाम सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दिवसरात्र कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो, तारा छेडत नाम घेत असतो. दर पहाऱ्याला माणूस बदलतो. येणारा आणि जाणारा एकमेकांना नमस्कार करतात आणि विणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. याला गाता यावं लागत नाही, तालाचं ज्ञान लागत नाही. वेळेवर येणं आणि ठरलेला वेळ उभं राहणं एवढंच लागतं. पहाऱ्यांची यादी सप्ताह बसण्याआधी काही दिवस तयार होते. संध्याकाळचे पहारे पटकन भरतात. रात्री बारा ते पहाटे चार या वेळेला माणसं मिळता मिळत नाहीत, कारण दिवसभर सगळ्यांना काम असतं. तुम्ही त्यातला एक पहारा मागून घ्या. रात्री दोन वाजता गजर लावून आलेल्या माणसाची गोष्ट सकाळी गावभर झालेली असते, ती तुम्हाला सांगावी लागत नाही. उगाच सातही रात्रींचं कबूल करू नका. एकच रात्र घ्या, पण ती चुकवू नका. कबूल करून न येणाऱ्यामुळे आधीचा माणूस विणा गळ्यात घेऊन ताटकळत उभा राहतो, आणि ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

गळा नाही, ताल नाही, रात्री जागणंही प्रकृतीला झेपत नाही, असं असेल तर पंगतीत वाढायला उभे राहा. सतरंज्या झटकून घडी करणं, कीर्तनाच्या जागी पाण्याचे तांबे भरून ठेवणं, वयस्कर मंडळींना घरी पोचवणं, हीदेखील मंडळाचीच कामं आहेत. नवी माणसं बहुतेकदा खिशात हात घालून सुरुवात करतात, मोठी वर्गणी देतात आणि पत्रिकेत नाव छापून आणतात. वर्गणी जरूर द्या, पण शेजारपाजारचे देतात तेवढीच, आणि काही दिवस काम केल्यानंतर द्या. आधी पैसे दिले की तुमची ओळख देणगीदार म्हणून होते आणि मग सतरंजी उचलायला कोणी हात लावू देत नाही.

मोबाइल बंद करून खिशात ठेवा. कीर्तन चालू असताना समोर उभं राहून चित्रीकरण करणारी माणसं यात्रेत पुष्कळ येतात आणि गाव त्यांना सहन करतं. तुम्ही त्यांच्यातले दिसू नका.

महिलांसाठी वाट थोडी वेगळी, पण पुष्कळदा अधिक जिव्हाळ्याची असते. महिला भजनी मंडळं बहुधा दुपारी जमतात, एकादशीला, अधिक महिन्यात, कोणाच्या घरी सत्यनारायण किंवा डोहाळजेवण असलं तरी. नोकरी करणाऱ्या बाईला दुपारची वेळ अडचणीची असते, म्हणून रविवारी येणाऱ्या एकादशा आधीच पाहून ठेवाव्यात. घरमालकिणीला किंवा शाळेतल्या मदतनीस मावशींना विचारलं की त्या हात धरून घेऊन जातात. पाळणा, गौळण, भारूड असं या मंडळांचं गाणं विविध असतं आणि त्यात हसणंही भरपूर असतं. कीर्तनकार स्त्रिया आता चांगल्या संख्येनं आहेत. संत मुक्ताबाईच्या थोरल्या भावाच्या, निवृत्तिनाथांच्या, गावात त्यांना ऐकायला मला विशेष आनंद होतो. मुलं असतील तर उन्हाळ्याच्या सुटीत होणाऱ्या वारकरी बालसंस्कार शिबिरांची चौकशी करा. मुलं टाळ-मृदंग आईवडिलांपेक्षा लवकर उचलतात, आणि मग आईवडिलांची ओळख मुलाच्या नावानं होते.

गावाबाहेरचं गाणं

त्र्यंबक गावात वारकरी भजन आहे, पण १९९९ साली वेगळा झालेला त्र्यंबकेश्वर तालुका बहुसंख्य आदिवासींचा आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर यांचे पाडे हरसूलच्या बाजूला आणि पुढे पेठ, मोखाडा, जव्हारपर्यंत पसरलेले आहेत. तिथलं संगीत वेगळं. वाळवलेला दुध्या भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचा तारपा, लग्नात वाजणारे सांबळ आणि सनई, आणि मोखाडा-जव्हार-पेठ भागातला, मुखवटे घालून रात्रभर चालणारा बोहाडा. पाड्यावरच्या शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षकांनी हे समजून घेतलं नाही तर त्यांची नोकरी होईल, पण तिथल्या माणसांशी बोलणं होणार नाही.

इथे माझी सूचना उलटी आहे. आपणहून पुढे होऊ नका, बोलावणं येण्याची वाट पाहा. तारपा नव्या भाताच्या दिवसांत वाजतो. पाहुणे आले म्हणून मे महिन्यात शाळेच्या अंगणात वाजवून दाखवा असं सांगणं बरोबर नाही, त्यामागे देवाचं आणि हंगामाचं नातं आहे. पालकांपैकी कोणी लग्नाला किंवा बोहाड्याला बोलावलं तर नक्की जा, रात्र काढायच्या तयारीनं जा, आणि रिंगणात ओढलं तर नाचा. पहिल्यांदा गेल्यावर वादकाच्या जवळ बसून वाद्य कसं बनवलं ते विचारा. तारपा बनवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि मुलांच्या शिक्षकानं त्याबद्दल आस्थेनं विचारलं याचा वादकाला आणि मुलांनाही फार अभिमान वाटतो.

गणेशोत्सवातली ढोल पथकं, मिरवणुकांतले बँड हेही आहेच. तरुणांना तिथे मित्र लवकर मिळतात. सरावाला रोज येणं होणार असेल तरच नाव द्या.

यात्रा आणि वारी

पौष वद्य एकादशी ही निवृत्तिनाथांची मोठी यात्रा. ती जानेवारीत, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते. नाशिक, अहिल्यानगर आणि आणखी दूरच्या गावांहून दिंड्या चालत येतात, थंडीत, भगव्या पताका घेऊन. त्या दोन-तीन दिवसांत गावातली प्रत्येक ओसरी, प्रत्येक गच्ची वारकऱ्यांनी भरते. नवे रहिवासी या गर्दीला घाबरून नेमके तेव्हाच कुलूप लावून नाशिकला जातात. तसं करू नका. तुमच्या घराला अंगण किंवा वाहनतळ असेल तर घरमालकाच्या परवानगीनं एका दिंडीला उतरायला द्या. पाण्याची टाकी आधी भरून ठेवा, संडास खुला ठेवा, सकाळी चुलीसाठी जागा दाखवा. बदल्यात रात्री तुमच्याच दारात भजन होतं, आणि पुढच्या वर्षी तीच दिंडी तुमचं घर विचारत येते. ज्या घरी दिंडी उतरते ते घर पाहुण्याचं राहत नाही.

ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. पूर्ण वारीला महिन्याच्या आसपास रजा लागते, ती सगळ्यांना मिळत नाही. सुरुवातीला नाशिकपर्यंत चालणं मात्र बहुतेकांना जमण्यासारखं आहे. दिंडीत शिरण्याआधी विणेकऱ्याला किंवा चोपदाराला सांगा, ते तुम्हाला ओळीत जागा देतील. नवे बूट घालू नका, वापरातल्या चपला घाला. रेनकोटपेक्षा प्लास्टिकची घोंगी बरी, टाळ वाजवायला हात मोकळे राहतात. आदल्या रात्री पोटभर झोपा. पुढे सिन्नर तालुक्यातल्या दातलीला रिंगण असेल त्या दिवशी एसटीनं जाऊन या. तिथे तुमच्या गावचे टाळकरी भेटतील आणि घरच्या खबरी विचारतील.

२०२७ च्या सिंहस्थापर्यंत रस्ते, घाट, गर्दी यांची गडबड वाढत जाणार आहे. घरभाडी चढतील, काही भजनांच्या जागाही तात्पुरत्या बदलतील. नव्यानं येणाऱ्यांनी शक्यतो गावातच, समाधी मंदिरापासून चालत जाता येईल अशी खोली पाहावी, मग ती थोडी लहान असली तरी चालेल. रात्रीचं कीर्तन दोन तासांचं असतं. ते संपल्यावर शेवटची एसटी गाठायची घाई असलेला माणूस नेहमी पसायदानाच्या आधी उठतो, आणि सगळ्या ओळखी पसायदानानंतरच्या गप्पांत होतात.

बदली झाली, गाव सोडायची वेळ आली, तर बुवांना आणि टाळ शिकवणाऱ्या काकांना घरी जाऊन सांगा. मंडळाचा टाळ परत करा, स्वतः घेतलेला असेल तर तो नव्या शिकाऊ माणसासाठी ठेवून जा. पुढच्या वर्षीच्या सप्ताहातला तुमचा पहारा आधीच लावून घ्या आणि त्या तारखांची रजा नव्या कार्यालयात रुजू होतानाच मागून ठेवा.